एक रुपयाच्या नोटेवरचा रिग आणि लेकीचा प्रश्न: समुद्राखाली खरंच तेलाचं तळं असतं का?

चौलची_मीनल

नमस्कार मंडळी, इथे तेल-गॅसच्या लाईनमधले बरेच लोक आहेत म्हणून विचारतेय. गेल्या रविवारी देवघर आवरताना सासूबाईंच्या डब्यात एक रुपयाची जुनी नोट सापडली, मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला रिग, म्हणजे तेलाची विहीर खणायचा सांगाडा आहे. माझी मुलगी आठवीत आहे, तिने विचारलं हे काय, मी म्हटलं हा सागर सम्राट, याने समुद्रातलं बॉम्बे हाय हे तेलाचं क्षेत्र शोधलं. एवढं मला माहीत होतं. पुढचा प्रश्न आला की तेल तिथे कसं असतं, मी म्हटलं जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं असतं, पाइप घालून वर ओढतात. तर म्हणते, मग पन्नास वर्षं ओढतायत तर तळं रिकामं झालं असेल ना, वरचा समुद्राचा तळ खाली बसत नाही का? आणि तेल समुद्रातच का, आपल्या विहिरीत का लागत नाही?

मी गप्पच झाले. आमच्या घरातले थळच्या खत कारखान्याच्या बसने रोज जातात येतात, तो कारखाना बॉम्बे हायच्या गॅसवर सुरू झाला हे आम्हाला ठाऊक, गॅस सिलेंडर उरणहून येतो हे ठाऊक, पण मुळात ते तिथे आलं कुठून हे घरात कोणालाच सांगता येईना. पुस्तकात चार ओळी आहेत, जीवांचे अवशेष गाडले गेले, उष्णता आणि दाब, संपलं. तिला तेवढ्याने समाधान नाही आणि खरं सांगायचं तर मला पण नाही. कोणी नीट समजावून सांगेल का, सोप्या भाषेत पण चुकीचं सोपं करू नका.

खडकवाला_डोंबिवली

ताई, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, खाली बसत नाही का हा तर इंजिनियर लोकांनी डोकं धरून बसावं असा आहे, त्याच्यावर शेवटी येतो. मी निवृत्त भूगर्भवाला, आयुष्य विहिरींचे नमुने आणि सेस्मिकचे कागद बघण्यात गेलं, त्यामुळे लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तळं ही कल्पना डोक्यातून काढा. खाली तळं नाही, गुहा नाही, टाकी नाही. खाली दगड आहे, अखंड, आणि तेल त्या दगडाच्या आत आहे. तुमच्याकडे घराला जांभ्याचा चिरा असेलच. उन्हात तापलेल्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओता, बघता बघता आत जिरतं. पाणी गेलं कुठे, चिऱ्याच्या आत तळं आहे का? नाही, बारीक बारीक भोकं आहेत, एकमेकाला जोडलेली. बॉम्बे हायचं मुख्य तेल असंच चुनखडकाच्या भोकांमध्ये आहे, समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे-चौदाशे मीटर खाली. आमच्या भाषेत त्या थराचं नाव एल-थ्री. हातात घेतला तर फिकट राखाडी दगड, भिंगाखाली बघितला तर त्यात शिंपल्यांचे, शेवाळाचे आणि फोरामिनिफेरा म्हणून जे एकपेशीय जीव असतात त्यांच्या कवचांचे तुकडे. साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, कोमट, नितळ पाण्याचा समुद्र होता, त्याच्या तळाशी हे साचलं. मधे मधे समुद्र मागे हटला, तो चुना उघडा पडला, पावसाचं पाणी त्याच्यातून झिरपलं आणि त्याने दगड विरघळवून भोकं मोठी केली. म्हणजे आज आपण जे तेल काढतो त्याला राहायला जागा केली ती कुठल्यातरी प्राचीन पावसाने. मला ही गोष्ट इतकी वर्षं झाली तरी जुनी वाटत नाही.

पण तेल त्या चुनखडकात तयार झालं नाही, हे महत्त्वाचं. ते पाहुणं आहे. तयार झालं ते त्याहून जुन्या आणि खोल शेलमध्ये, म्हणजे काळ्या चिखलाचा दाबून झालेला दगड. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्यानंतर पश्चिम किनारा तुटून खचत गेला, समुद्रात खोल खड्डे तयार झाले, त्यात नद्यांनी आणलेला गाळ पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी भरायला लागला. त्या गाळात समुद्रातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, होतं आणि काठावरच्या दलदलीतला पालापाचोळा पण होता, त्यामुळे त्या थरात कोळशाचे पट्टे पण सापडतात. तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तर हे कुजून जात नाही, चिखलातच अडकून राहतं. वर थर चढत जातात, खाली तापमान वाढत जातं, दर किलोमीटरला ढोबळ पंचवीस-तीस अंश. साधारण साठ अंशाला त्या अडकलेल्या मालातून तेल सुटायला लागतं, सव्वाशेच्या आसपास ते थांबत येतं, त्यापुढे जास्त करून गॅस. म्हणजे तुमच्या चहाच्या पाण्याएवढंच तापमान हो, फक्त लाखो करोडो वर्षं मंद आचेवर. आम्ही त्या खोलगट भागांना किचनच म्हणतो. बॉम्बे हायचं मोठं किचन ईशान्येला सुरत डिप्रेशनच्या बाजूला.

आता किचनमध्ये शिजलेलं बाहेर पडतं कारण दाब वाढतो, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं. खालच्या सगळ्या दगडांच्या भोकांत आधी खारं पाणीच भरलेलं असतं, त्यातून तेल वर वर सरकत जातं, एखाद्या थराच्या कडेकडेने, वर्षाला किती सरकत असेल ते विचारू नका पण वेळ भरपूर असतो. वर अडवणारं काही नसेल तर समुद्रतळातून झिरपून निघून जातं आणि संपतं, जगातलं पुष्कळसं तेल असंच गेलं. बॉम्बे हायला ते थांबलं कारण तिथे खाली एक उंचवटा आहे, बुडालेल्या पठारासारखा, साठ-सत्तर किलोमीटर लांब, तळाशी कुठे सह्याद्रीचाच काळा पाषाण तर कुठे त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. त्यावर चुनखडकाची चादर आणि चादरीवर चिकणमातीच्या शेलचं झाकण. नावातलं हाय म्हणजे हा उंचवटा. तेल चादरीत वर चढलं, झाकणाला टेकलं आणि राहिलं. किचन, वाट, भोकांचा दगड, झाकण, उंचवटा, आणि हे सगळं योग्य क्रमाने तयार झालं पाहिजे, उंचवटा उशिरा झाला तर तेल आधीच निघून गेलेलं असतं. पाचातलं एक चुकलं तरी विहीर कोरडी.

तुमच्या विहिरीत का नाही याचं उत्तर त्यातच आहे. चौलला तुमच्या पायाखाली लाव्हाचे थर आहेत, एकावर एक शेकडो मीटर, त्यात किचन नाही. त्यावर जो गाळ साचायला हवा होता तो सगळा पश्चिमेला समुद्रात जाऊन साचला. तेलाला समुद्राचं पाणी लागत नाही, साचलेला गाळ लागतो. आसाममध्ये, गुजरातेत अंकलेश्वरला जमिनीवरच आहे की.

निलेश_साताररोड

काका एक शंका, तेल म्हणजे डायनोसॉर कुजून झालेलं असं लहानपणी ऐकलं होतं ते खोटं का मग

खडकवाला_डोंबिवली

खोटंच. डायनोसॉर संपले त्याच सुमारास आपला लाव्हा चालू होता, बॉम्बे हायचा गाळ त्यानंतरचा. आणि मोठ्या जनावरांची हाडं राहतात, मांस कुजून जातं. तेल होतं ते डोळ्याला न दिसणाऱ्या प्लवकापासून आणि शेवाळापासून, कारण ते संख्येने अफाट असतं आणि चिखलात दाबलं जातं.

शोधलं कसं ते राहिलं. १९६० च्या दशकाच्या मध्यात अकादमिक अर्खांगेल्स्की नावाचं रशियन जहाज आपल्याकडे आलं होतं, भारतीय आणि सोव्हिएत लोकांनी मिळून खंभातच्या आखातात आणि खाली मुंबईपर्यंत सेस्मिक सर्वे केला. सेस्मिक म्हणजे पाण्यात आवाजाचा दणका द्यायचा आणि खालच्या थरांवरून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा. आता त्यासाठी दाबलेली हवा एकदम सोडतात, मागे किलोमीटर किलोमीटर लांब केबल ओढतात, त्यात कान लावलेले असतात. बॉम्बे हायच्या एल-थ्रीवरून प्रतिध्वनी एक-सव्वा सेकंदात परत येतो. तेवढ्यात जे यायचं ते येतं, मग महिनोन्महिने कॉम्प्युटर चालतात. कागदावर तो उंचवटा अगदी स्पष्ट दिसला होता पण सेस्मिकला आकार दिसतो, तेल दिसत नाही हे लक्षात घ्या. उंचवटा पाण्याने पण भरलेला असू शकतो. त्याआधी १९७० ला आलियाबेटला आखातात विहीर खणली होती, तिथे मोठं काही हाती लागलं नाही. मग जपानमध्ये हिरोशिमाला बांधलेला सागर सम्राट आला, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू, म्हणजे सव्वादोन वर्षांत. खुल्या समुद्रात, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर, अनुभव शून्य असताना. माझ्या पिढीतल्या लोकांचा त्या सव्वादोन वर्षांबद्दल बोलताना अजून आवाज बदलतो.

नोटेवरचा रिग अजून कामात आहे हे पण मुलीला सांगा. त्याला नवीन रूप देऊन तरंगतं नव्हे, पायांवर उभं राहणारं उत्पादन युनिट केलं आणि २०२२ च्या अखेरीस तो परत समुद्रात रुजू झाला.

देवगडचो_बाबल

काकांनी छान सांगितलं, मी रिगवरचं सांगतो. मी मड लॉगर आहे, अठ्ठावीस दिवस रिगवर, अठ्ठावीस दिवस घरी. जुहूवरून हेलिकॉप्टर, आधी आपलं वजन, मग बॅगेचं वजन, मग लाईफ जॅकेट. त्याच्या आधी गोव्यात बेतूलला ट्रेनिंग झालेलं, खोट्या हेलिकॉप्टरमध्ये पट्टा बांधून बसवतात आणि तलावात उलटं करून बुडवतात, नाकात पाणी गेलं तरी शांत डोक्याने खिडकी शोधून बाहेर यायचं. ते पास झाल्याशिवाय समुद्रात पाठवत नाहीत.

बॉम्बे हायला पाणी साधारण पंचाहत्तर मीटर. त्यामुळे जॅकअप रिग चालतो, म्हणजे टगने ओढत आणायचा, मग तीन की चार पाय जाळीच्या खांबासारखे असतात ते खाली सोडायचे, तळावर टेकले की रिगचं अंग त्या पायांवर वर उचलायचं, लाटांच्या वर. सागर सम्राट पण जॅकअपच. खूप खोल पाणी असेल, जसं कृष्णा-गोदावरीच्या समुद्रात, तिथे पाय पुरत नाहीत, मग तरंगतं जहाज लागतं.

ड्रिलिंग म्हणजे लोकांना वाटतं बोअरवेलसारखं भोक पाडायचं. भोक पाडणं सोपं, भोक सांभाळणं कठीण. पाइप साधारण नऊ मीटरचे, तीन जोडून एक स्टँड, टोकाला बिट म्हणजे दगड फोडणारं पातं, आणि पाइपच्या आतून सतत मड पंप करतात. मड म्हणजे चिखलच, पाणी, बेंटोनाइट, वजनासाठी बराइट आणि केमिकल. ते बिटमधून बाहेर पडून बाजूच्या जागेतून वर येतं, येताना दगडाचे तुकडे घेऊन येतं. पण त्याचं खरं काम वजन आहे. खालच्या दगडात जो दाब आहे त्याच्यापेक्षा मडचं वजन किंचित जास्त पाहिजे, कमी पडलं तर गॅस विहिरीत शिरतो, त्याला किक म्हणतात, आणि वेळेत कळलं नाही तर ब्लोआउट. जास्त झालं तर मड दगडातच घुसून गायब होतं. बॉम्बे हायच्या चुनखडकात हे दुसरं दुखणं मोठं, इतकी वर्षं तेल काढून दाब उतरलाय, त्यात ती भोकं, टाकीतली मडची पातळी डोळ्यांदेखत उतरायला लागते आणि ड्रिलर ओरडतो लॉस, लॉस. मग अभ्रकाचे कपटे, तंतू, काय काय टाकून ती भोकं बुजवायची. थोडं थोडं खणून पोलादी केसिंग, म्हणजे भोकाला आतून अस्तर म्हणून पाइप, घालायचं, मागे सिमेंट, मग त्याच्या आतून बारीक बिटने पुढे.

माझं काम त्या तुकड्यांचं. शेल शेकर म्हणजे थरथरणारी चाळण, तिच्यावर तुकडे येतात. दर पाच मीटरला नमुना, जिथे तेल लागायची शक्यता त्या थरात त्याहून जवळ. एक गोष्ट लक्षात ठेवायची की आत्ता चाळणीवर जो तुकडा आहे तो आत्ता खणलेला नाही, त्याला वर यायला अर्धा तास किंवा जास्त लागलाय, तो हिशोब चुकला की सगळं चुकलं. तुकडे धुवायचे, ट्रेमध्ये मायक्रोस्कोपखाली, हा शेल, हा चुनखडक, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. मग तीच ट्रे काळ्या डब्यात, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली. आत अंधार, तुम्ही डोळा लावून बसलेले, आणि मधेच काही तुकडे पिवळसर निळसर उजळतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे तीन वाजले होते, बाहेर पाऊस, जनरेटरचा आवाज, आणि त्या डब्यात मला आमच्या देवगडच्या काळोखात चमकणारे काजवेच दिसले. पण लगेच नाचायचं नाही. चुनखडकातलं खनिज पण थोडं उजळतं, पाइपला लावलेलं ग्रीस पण उजळतं. म्हणून त्या तुकड्यावर सॉल्व्हंटचा थेंब, आणि तुकड्यातून दुधाळ धागा बाहेर वाहायला लागला तर ते तेल. त्याला कट म्हणतात. मी तेव्हा जिऑलॉजिस्टना झोपेतून उठवलं, ते बनियनवरच आले.

त्यानंतर पण विहीर चालेल की नाही हे लगेच ठरत नाही, यंत्र खाली सोडून लॉगिंग होतं, दगडाची वीजवाहकता, भोकांचं प्रमाण, सगळं मोजतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही, त्यावरून फरक कळतो. शेवटी केसिंगच्या आत तेलाच्या थरासमोर स्फोटकाचा चार्ज उडवून केसिंगमधून थरात भोकं पाडतात आणि विहीर वाहते का बघतात.

आता विहिरी सरळ पण नसतात हां. एका प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे समुद्रात कायमच्या बांधलेल्या मचाणावरून, सात-आठ विहिरी, खाली जाऊन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, काही तर थरात आडव्या शेकडो मीटर. कारण तो तेलाचा थर जाड नाही, मधे शेलच्या पातळ चकत्या आहेत, आडवं गेलं तर जास्त दगड हाताला लागतो.

उत्तनचा_नाखवा

मी मासेमारीवाला, आमचं पण दोन शब्द ऐका. पंचाहत्तर मीटर म्हणजे आमचं चाळीस-एक्केचाळीस वाव पाणी. ते आमचं जुनं मासेमारीचं पाणी आहे, आठ-दहा दिवसांची फेरी, बर्फ भरून जायचं. रात्री लांबूनच क्षितिजावर लाल उजेड दिसतो, जवळ गेलं की ती प्लॅटफॉर्मवर जळणाऱ्या गॅसची आग. जीपीएस नव्हता तेव्हा माझे वडील त्या उजेडाचा अंदाज घेऊन बोट घरच्या वाटेला लावत.

प्लॅटफॉर्मच्या खांबांना शिंपले लागतात, त्याच्यामागे बारीक मासा येतो, त्याच्यामागे मोठा. म्हणजे मासळी तिथेच गोळा, आणि पाचशे मीटरच्या आत आम्हाला मनाई. सेफ्टीसाठी आहे ते कळतं, खाली पाइपलाईनी आहेत, नांगर अडकला तर आम्हालाही धोका त्यांनाही धोका. पण एक-दोन प्लॅटफॉर्म नाहीत ना, केवढे आहेत, प्रत्येकाभोवती एवढं पाणी गेलं की मग उरतं काय. आणि ते सेस्मिक म्हणता ना तुम्ही, ती केबल ओढणारी जहाजं आली की आधी गार्ड बोट येते आणि जाळी काढा म्हणून सांगते. एका सीझनला आम्हाला निरोप वेळेवर पोचलाच नाही, आमची दालदी जाळी कापली गेली. भरपाईसाठी फॉर्म भरले, फोटो दिले, चकरा मारल्या, मिळालं ते निम्म्यानेही नव्हतं आणि तोवर सीझन गेला. देशाला तेल पाहिजे हे मान्य आहे दादा, आमची बोट पण डिझेलवरच चालते. पण सर्वेची तारीख आमच्या सोसायटीला आठ दिवस आधी कळवायला काय जातं.

चौलची_मीनल

नाखवादादा तुमचं वाचून वाईट वाटलं, हा भाग पण लेकीला वाचून दाखवला. बाबलदादा तो काजव्यांचा परिच्छेद तिने दोनदा वाचायला लावला.

आता तिचे उरलेले प्रश्न. पन्नास वर्षांत संपलं कसं नाही? ती आग कशाला, गॅस फुकट जाळतात का? आणि काका, खाली बसण्याचं उत्तर राहिलंय बरं का, ती विसरलेली नाही.

उरणकर_प्रसाद

ताई मी प्रोसेस प्लॅटफॉर्मवर, म्हणजे विहिरींचा माल जिथे वेगळा करतात तिथे, काम केलंय, चौदा दिवस वर, चौदा दिवस घरी. संपलं का नाही ते सांगतो.

सुरुवातीला विहिरी आपोआप वाहायच्या, खालचा दाबच एवढा. सोड्याची बाटली उघडल्यासारखं, तेलात गॅस विरघळलेला असतो तो फुगतो आणि तेलाला वर ढकलतो. पण जसं काढाल तसा दाब उतरतो, गॅस आधी निसटतो आणि तेल दगडात चिकटून राहतं. म्हणून १९८४ च्या सुमारास समुद्राचं पाणी खाली भरायला सुरुवात झाली. समुद्राचं पाणी म्हणजे नळी टाकून सोडलं असं नाही, ते गाळायचं, त्यातला ऑक्सिजन काढायचा नाहीतर पाइप गंजतात, जंतू मारायचे नाहीतर खाली वाढून दगडाची भोकं बुजवतात आणि वर विषारी गॅस तयार करतात. मग मोठ्या पंपाने खाली दाबायचं. ते पाणी तेलाला पुढे ढकलतं, तेलाच्या विहिरीकडे. आणि ज्या विहिरीत तेल वर यायला जोर राहिला नाही तिच्या नळीत थोडा गॅस सोडतात, द्रव हलका होतो आणि वर येतो, त्याला गॅस लिफ्ट.

१९८९ च्या आसपास बॉम्बे हायचं उत्पादन शिखरावर होतं, दिवसाला चार लाख पिंपांच्या पुढे. आता त्याच्या निम्म्याहून कमी. जुन्या विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. कंट्रोल रूममध्ये आमचा अर्धा दिवस पाण्याचा बंदोबस्त करण्यातच जातो असं म्हटलं तरी चालेल.

विहिरीवरून आलेला माल आधी सेपरेटरमध्ये जातो, आडवी लांबोडकी टाकी, आत सगळ्याला थोडं शांत होऊ द्यायचं. गॅस वर, तेल मधे, पाणी तळाला. साखर विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीन वाटा होतात. पाण्यातलं उरलेलं तेल काढून मगच ते सोडायचं. गॅसमधली ओल ग्लायकॉलने काढायची नाहीतर पाइपलाईनमध्ये गोठून बसतं. मग कॉम्प्रेसर, आणि समुद्रतळावरच्या पाइपलाईनने दोनशे किलोमीटर उरण. सुरुवातीची काही वर्षं पाइप नव्हता तेव्हा टँकरमध्ये भरून आणायचे. उरणला गॅसमधून एलपीजी काढतात, तेल ट्रॉम्बेला रिफायनरीत, उरलेला गॅस तुमच्या थळच्या खताला, बोकडविऱ्याच्या वीज केंद्राला, मुंबईच्या घराघरातल्या पाइपला. बाजूच्या वसई फील्डचा गॅस हजिऱ्याला जातो, त्यात हायड्रोजन सल्फाइड आहे, तो तिथे साफ करतात.

आगीचं म्हणाल तर ती सेफ्टी आहे. कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तर एवढा गॅस जाईल कुठे, तो प्लॅटफॉर्मवर साचला तर ठिणगी पुरे. म्हणून लांब हातावर नेऊन जाळतात, ज्योत कायम पेटती ठेवतात. पूर्वी खूप गॅस जळायचा हे खरं आहे कारण घ्यायला कोणी नव्हतं, पाइप आणि कारखाने नंतर आले.

धोक्याचं पण सांगितलं पाहिजे, नुसतं यंत्राचं सांगून चालणार नाही. समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या पाइपला रायझर म्हणतात. २७ जुलै २००५ ला, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, खवळलेल्या समुद्रात एक जहाज जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर द्यायला आलं होतं, हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हती. त्या माणसाची बोटं कापली होती, स्वयंपाकी होता. जहाज लाटेने रायझरवर आदळलं, गॅस सुटला, आग लागली आणि मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म दोनेक तासांत समुद्रात गेला. २२ माणसं गेली, काही सापडलीच नाहीत. साडेतीनशेच्या वर लोक त्या समुद्रातून जिवंत काढले. आता रायझर कुठल्या बाजूला आहे, बोट कुठल्या बाजूने येणार, वारा कुठला, याशिवाय कुठलीही बोट जवळ घेतली जात नाही. नवीन पोरगा प्लॅटफॉर्मवर आला की आम्ही त्याला पहिल्यांदा मेस दाखवत नाही, लाईफबोट दाखवतो.

खडकवाला_डोंबिवली

प्रसादने उत्तम सांगितलं. आता लेकीचं. तळ खाली बसतो का? बसतो, काही ठिकाणी. नॉर्वेच्या समुद्रात इकोफिस्क नावाचं फील्ड आहे, तिथला खडक म्हणजे खरोखर शाळेतला खडू, भुसभुशीत. तेल काढलं तसा तो दबला, समुद्रतळ कित्येक मीटर खाली गेला, प्लॅटफॉर्म लाटांच्या जवळ यायला लागले. १९८७ मध्ये ते प्लॅटफॉर्म पाय कापून सहा मीटर वर उचलले. म्हणजे तिने घरात बसून जो प्रश्न विचारला त्याच्यावर तिथे प्रचंड पैसा आणि मेहनत गेली. आपला चुनखडक त्या खडूपेक्षा टणक आहे, शिवाय काढलेल्या तेलाच्या जागी आपण पाणी भरतो.

आणि संपलं का नाही याचं माझ्या बाजूचं उत्तर. दगडातलं सगळं तेल कधीच निघत नाही. जगभरात सरासरी तीनातला एक भाग निघतो. बाकीचं भोकांच्या भिंतींना चिकटून, बारीक गळ्यांमध्ये अडकून तिथेच राहतं. पाणी सोपी वाट पकडून निघून जातं आणि बाजूच्या भोकातलं तेल तसंच. म्हणून पन्नास वर्षांनी सुद्धा तिथे नवीन विहिरी खणतात, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवायला बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं ते यासाठीच. तळं असतं तर कधीच आटलं असतं.

ताई, तिला एक प्रयोग सांगा. भट्टीतल्या लाल विटेचा मुठीएवढा तुकडा उन्हात कडक वाळवायचा, वजन करायचं. रात्रभर गोडेतेलात बुडवायचा, पुसून परत वजन. मग काचेच्या बरणीत कोमट पाण्यात सोडायचा आणि नुसतं बघत बसायचं.

चौलची_मीनल

केलं काका! किचनच्या वजनकाट्यावर. वाळलेला तुकडा १८२ ग्रॅम, तेल पिऊन २०३. म्हणजे २१ ग्रॅम तेल एका एवढ्याशा विटेच्या आत, आणि बाहेरून बघितलं तर जरा काळपट झाली एवढंच.

शनिवारी दुपारी पाण्यात सोडला. पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही, ती हिरमुसली. मग एका कडेला मोहरीएवढा थेंब फुगला, बराच वेळ विटेला लटकून राहिला आणि सुटून वर गेला. मग दुसऱ्या बाजूला. रात्री झोपेपर्यंत ती वहीत थेंब मोजत होती, साठाच्या पुढे मी झोपायला लावलं. रविवारी सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता, तो चमच्याने काढून मोजला तर जेमतेम पाच ग्रॅम भरला. पाणी बदललं, थोडं गरम घातलं, अजून काही थेंब आले. दुपारनंतर बंदच.

आज बुधवार. वीट बरणीतच आहे, हात लावला तर अजून तेलकट लागते. आत्ताच शाळेतून आली आणि दप्तर न ठेवता बरणीपाशी गेली, म्हणतेय आई, पाण्यात भांड्याचा साबण घातला तर उरलेलं सुटेल का, खाली असं काही घालतात का ते काकांना विचार.

खडकवाला_डोंबिवली

घालतात. तिला म्हणावं दोन थेंबच घाल, आणि वही जवळ ठेव.